यादीतल्या लेकी

“लेकी तुमच्या, गाड्या माझ्या,” बापूसाहेब म्हणाले, आणि समाजमंदिरात बसलेल्या दीडशे बायांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. खोटं कशाला बोलू, जरा जोरातच वाजवल्या.

“येत्या रविवारी मतदान. सकाळी सहाला सात जीपा वेशीतून सुटतील. एकेका लेकीला सासरच्या दारातून उचलायची, हितं आणायची, मत द्यायचं, आईच्या हातचं जेवायचं आणि दिवस मावळायच्या आत परत. दर इलेक्शनला करतो का न्हाई? मग हे तर तुमच्या घरादाराचं काम हाय.” त्यांनी हात जोडले. “आडवी करा ती बाटली. बापू तुमच्या मागं उभा हाय.”

माझ्या शेजारी बसलेल्या गजराआक्कानं डोळ्याला पदर लावला. “बघ, शालनबाई,” ती म्हणाली, “मानूस मोठा झाला तरी इसरला न्हाई.”

चौदा वर्षं झाली या गोष्टीला. मी तेव्हा उंबरदऱ्यात अंगणवाडी सेविका होते. माझ्या अंगणवाडीपासून चाळीस पावलांवर देशी दारूचं दुकान होतं. सरकारनं मुलांना मोजायला मणी पाठवले नाहीत, म्हणून माझी मुलं दुकानापुढची बाटल्यांची बुचं वेचून आणायची आणि आम्ही त्यांवर एक ते वीस शिकायचो. लाज वाटायची. पण बुचं कधी कमी पडली नाहीत, हेही खरं.

गजराआक्काचा थोरला मुलगा एकतिसाव्या वर्षी त्याच दुकानानं खाल्ला. पोट फुगून गेला. सून दोन लेकरं घेऊन घरात होती. आणि आदल्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास धाकटा संपत संध्याकाळचा तिथं बसायला लागला. आक्कानं त्याला शिव्या दिल्या, देवाला नवस केला, दुकानदाराच्या पाया पडली. मग एक दिवस पदर खोचून ती घरोघर सह्या गोळा करत फिरली आणि सरकारकडे मतदान मागितलं. बाईला लिहिता येत नव्हतं. सह्या मी वाचून दाखवायचे.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. दारूचं दुकान बंद करायला गावातल्या बायांचं गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. उभी म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. पण ग्यानबाची मेख पुढेच आहे. झालेल्या मतांपैकी निम्मी मिळून भागत नाही. मतदारयादीत जितक्या बाया असतील, त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त बायांनी येऊन आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. म्हणजे जी आलीच नाही, तिनं घरी बसून उभ्या बाटलीला मत दिलं म्हणायचं.

आमच्या यादीत आठशे बारा बाया होत्या. हव्या होत्या चारशे सात. आणि त्या आठशे बारांमध्ये एकशे अठरा अशा लेकी होत्या, ज्या लग्न होऊन कधीच परगावी गेल्या होत्या. त्यांची नावं यादीत कशी राहिली, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण अंगणवाडीबरोबर यादीचं कामही माझ्याच गळ्यात होतं. कोण मेलं, कोण अठरा वर्षांचं झालं, कुणाचं लग्न झालं, ते दारोदार विचारून नावं घालायची आणि खोडायची.

गजराआक्काच्या रंजनाचं लग्न झालं, तेव्हा मी नियमाप्रमाणे कागद घेऊन गेले होते.

“आक्का, रंजनाचं नाव आता तिकडच्या यादीत जाईल. इथलं खोडायचं आहे. अंगठा द्या.”

तिनं कागद उलटा करून माझ्या हातात ठेवला. “रेशन कार्डातनं खोडलं. सातबाऱ्यावर कवा चढलंच न्हाई. आता सरकारच्या कागदाव ह्या गावात माझ्या लेकीचं येवढं एक नाव ऱ्हायलंय. त्ये बी खोडतीस? मग तिनं कंच्या नावानं यावं हितं?”

मी कागद पिशवीत घातला. तिच्या शेजारणीनं ते ऐकलं, मग तिच्या लेकीचं नाव राहिलं. मग तिसरीच्या. बघता बघता एकशे अठरा झाल्या. हे चूक आहे, हे मला कळत होतं. पण त्या आयांच्या तोंडाकडं बघून माझा हात उठायचा नाही.

आणि त्या नावांचा लेकींना खरोखरच उपयोग होता. सासू पंचमीला पाठवायची नाही, भाऊबीजेला पाठवताना तोंड वाकडं करायची. पण निवडणुकीच्या दिवशी बापूसाहेबांची जीप दारात उभी राहिली, की तीच सासू म्हणायची, ‘जा बाई, मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं.’ लेकी गाडीत मिळालेली नवी साडी मांडीवर घेऊन यायच्या, बापूसाहेबांना मत द्यायच्या, आईकडं पुरणपोळी खायच्या आणि चारच्या आत परत जीपमध्ये बसायच्या. गावात त्याला ‘मतदानाचं माहेरपण’ म्हणायचे. काही जणींना तर पाच वर्षांत तेवढंच माहेर दिसायचं.

आता कुणी म्हणेल, दारूचं दुकान कुणाचं होतं ते ठाऊक नव्हतं का? होतं. परवाना बापूसाहेबांच्या मेहुण्याच्या नावावर होता, आणि मेहुणा नुसता नावाचा धनी आहे हेही गावातलं शेंबडं पोर सांगू शकलं असतं. मी आक्काला तसं बोलून दाखवलं होतं.

“मेव्हना मेव्हना हाय, बापू बापू हाय,” ती म्हणाली. “त्यानं माझ्यासंगं उन्हातानात दगड फोडल्यात.”

ते खोटं नव्हतं. मोठ्या दुष्काळात तालुक्याचा रस्ता निघाला, तेव्हा आक्का एकवीस वर्षांची होती आणि खडी फोडायला जायची. बापू तेव्हा साहेब नव्हता. कॉलेज सोडून आलेला, खांद्याला शबनम लावलेला काटकुळा पोरगा होता. बायांना पुरुषांएवढी मजुरी पाहिजे, कामावर लेकरांना पाळणाघर पाहिजे म्हणून त्यानं काम बंद पाडलं, स्वतः बायांच्या रांगेत बसून हातोडा चालवला. पोलीस आले, लाठ्या चालल्या. एक लाठी त्याच्या डोक्यावर येत होती, ती आक्कानं हातावर घेतली. डावं मनगट मोडलं आणि वाकडं जुळलं. मजुरी मिळाली. पाळणाघरही मिळालं. त्या पाळणाघराची पुढं अंगणवाडी झाली, म्हणजे माझी भाकरीसुद्धा त्याच लढ्यातली. तेव्हापासून दर भाऊबीजेला आक्काला बापूसाहेबांकडून साडी यायची. तिनं त्या माणसावर विश्वास ठेवला, यात तिचा काय दोष?

रविवारी सकाळी सहाला वेशीत एकही जीप नव्हती.

सातला नव्हती. आठला शाळेत मतदान सुरू झालं. मी बाहेरच्या बाकावर यादी घेऊन बसले, बायांना अनुक्रमांक काढून देत होते. गावातल्या बाया धडाधड येत होत्या. म्हाताऱ्या काठी टेकत आल्या, एक ओली बाळंतीण लेकरू घेऊन आली. आक्का दर पाच मिनिटांनी फाटकाशी जाऊन रस्त्याकडं बघून येत होती.

नऊला माझा फोन वाजला. रंजना होती.

“शालनबाई, गाडी कुठवर आली? मी आवरून बसलेय.”

“येईल गं.”

दहाला पुन्हा. “बाई, फाट्यावर येऊन थांबू का?”

“तू येष्टीनंच निघ ना, रंजना. एक गाडी बदलली की झालं.”

पलीकडं तिनं दार लोटल्याचं ऐकू आलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, “सासूबाई म्हणतात, बापूसाहेबांची गाडी आली तर जा. येष्टीनं एकटीनं जायचं काम नाही.”

दुपारपर्यंत मला असे तीसेक फोन आले. नवऱ्याच्या, दिराच्या, शेजारणीच्या मोबाईलवरून. सगळ्यांचं एकच, गाडी कुठवर आली. एकशे अठरा बाया आपापल्या उंबऱ्यात ठेवणीतली साडी नेसून बसल्या होत्या, आणि कुणालाही पुढं पाऊल टाकायची मुभा नव्हती. तीन जणी कशाबशा आल्या. तिघींनाही नवऱ्यांनी मोटारसायकलवर आणलं.

बाराला मी यादी मदतनीस बाईच्या हातात दिली, आक्काला स्कूटीवर मागं बसवलं आणि बापूसाहेबांच्या मळ्यात गेले.

चिंचेखाली सातही जीपा ओळीनं उभ्या होत्या. एकीला ड्रायव्हर पाण्यानं धूत होता. आम्हाला बघून त्यानं मान खाली घातली आणि पुसलेली काच पुन्हा पुसायला घेतली. पलीकडं हुरड्याची पार्टी चालली होती. तालुक्याचे पाहुणे गोल बसले होते, आगटीतून कणसं निघत होती, आणि बापूसाहेब स्वतः तळहातावर कणसं चोळत होते.

“या आक्का, या! बसा. हुरडा घ्या, कोवळा हाय.”

“गाड्या का न्हाई सुटल्या, बापू?”

“सांगतो, बसा तरी.” त्यांनी तळहातावर फुंकर मारली, भूस उडालं. “काल वकिलांनी फोन केला. मतदाराला गाडीत घालून मतदानाला आणणं हा गुन्हा हाय म्हणे. कायदाच तसा. उद्या कुणी तक्रार केली, तर तुमचंच मतदान रद्द व्हायचं. तुमच्या भल्यासाठी थांबवल्या, आक्का.”

“आन इतकी वरसं?”

“इतकी वर्षं मला कळलं नव्हतं.”

पाहुण्यांतला एक जण हसला. माझं डोकं फिरलं. “बापूसाहेब,” मी म्हणाले, “मागच्या इलेक्शनला याच सात गाड्या होत्या. मी यादी घेऊन बसले होते, मी मोजल्यात.”

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. आवाज इतका गोड, की त्यापुढं गूळही कमीच.

“बाई, तुम्ही शिकलेल्या. एका बाईचं नाव दोन गावांच्या यादीत असणं, हाही गुन्हाच की. आणि यादी कुणाच्या ताब्यात असते हो?” त्यांनी हुरड्याची मूठ माझ्यापुढं धरली. “मी कुणाला सांगत नाही. तुम्हीही आवाज करू नका. घ्या.”

मी हात मागं घेतला.  मला नोकरीची भीती वाटली, हे आज कबूल करते. त्या माणसाला ते माझ्या तोंडावर दिसलं आणि त्याला बरं वाटलं, हेही मला दिसलं.

आक्का मात्र उभीच होती. तिनं वाकडा हात पुढं केला. त्याला वाटलं, हुरडा मागतेय. तो दाणे घालायला गेला.

“न्हाई,” ती म्हणाली. “नुसता दावते. त्या दिशी पोलिसाची काठी तुझ्या डोसक्यात बसाय पायजे हुती. म्या मदी हात घातला. चुकलं माजं.”

परत आल्यावर ती शाळेपाशी उतरली आणि पाच वाजेपर्यंत घरोघर जाऊन उरलेल्या बायांना हाताला धरून आणत राहिली.

साडेसहाला अधिकाऱ्यांनी व्हरांड्यात उभं राहून आकडे वाचले. आडवी बाटली तीनशे अठ्ठ्याऐंशी. उभी बाटली अठ्ठावन्न. बाद अकरा. बायांनी एकदम आरोळी ठोकली. कुणीतरी हळदकुंकू काढलं. मग अधिकारी पुढचं वाचू लागले आणि मला खाली बघावंसं वाटलं. एकूण महिला मतदार आठशे बारा, आवश्यक मतं चारशे सात, सबब दुकान सुरू राहील. वर्षभर पुन्हा मतदान मागता येणार नाही.

“म्हंजी?” एका म्हातारीनं विचारलं. “तीनशे मोठं का अठ्ठावन मोठं?”

अधिकाऱ्यानं पुन्हा समजावलं. म्हातारी पुन्हा म्हणाली, “ते झालं. पर मोठं कंचं?”

 तेवढ्यात दुकानाकडून फटाक्यांची माळ वाजली. हलगी आली. नाचणाऱ्यांत संपत होता. शर्टाची बटणं उघडी टाकून, दोन्ही हात वर करून, आईच्या हरण्यावर तो नाचत होता. आक्का ते बघत उभी राहिली. मी तिला तिथून ओढून नेलं.

वाटेत माझा फोन वाजला. “बाई,” रंजना म्हणाली, “आता नाही ना येणार गाडी? मग मी जेवून घेते. सकाळपासून जेवले नव्हते. म्हटलं, आईकडंच जेवू.”

दुसऱ्या दिवशी पेपरात बापूसाहेबांचा फोटो होता. महिलांच्या लढ्याला माझा पाठिंबा कायम आहे, म्हणे. मी तो पेपर अंगणवाडीच्या संडासात लावला.

खरी गोष्ट आक्काला सांगायला मला आठ महिने लागले. मार्च गेला, पाऊस आला, गेला. संपतनं घरातल्या दोन्ही शेळ्या विकल्या आणि एकदा आईवर हात उगारला. ऑक्टोबरात यादीची दुरुस्ती निघाली आणि माझ्याकडं कोऱ्या अर्जांचा गठ्ठा आला. तो घेऊन मी तिच्या चुलीपुढं बसले.

“आक्का, आपण गाड्यांमुळं हरलो नाही. माझ्यामुळं हरलो. त्या एकशे अठरा लेकींची नावं मी वेळच्या वेळी खोडली असती, तर यादीत सहाशे चौऱ्याण्णव बाया राहिल्या असत्या. तीनशे अठ्ठेचाळीस पुरल्या असत्या. आपल्याला तर तीनशे अठ्ठ्याऐंशी पडली. त्या आलेल्या तिघी सोडल्या तरी सदतीस मतं राखून जिंकलो असतो. त्याला हे ठाऊक होतं. त्याला काही करायचीच गरज नव्हती, आक्का. फक्त गाड्या उभ्या ठेवायच्या होत्या.”

ती भाकरी थापायची थांबली. पीठ हातावर तसंच.

“म्हंजी माझ्या लेकीचं नाव दुकानाच्या कामी आलं?”

“हो.”

मला वाटलं, आता ती मला घराबाहेर काढील. काढायलाच हवं होतं. तिनं हात धुतले, पदराला पुसले. “आन त्ये कागद.”

“आधी माझा,” मी म्हणाले. गठ्ठ्यातला पहिला अर्ज मी भरूनच आणला होता. माझंही नाव बावीस वर्षं माहेरच्या यादीत होतं. तिकडं दुसरे साहेब होते, दुसरी जीप होती, पण पुरणपोळी तीच आणि परतायची वेळही तीच. इतरांच्या लेकींची नावं खोडायला माझा हात का उठत नव्हता, ते आता कळलं असेल.

मी सही केली. आक्कानं अंगठा उठवला, आणि उठवताना बापूसाहेबांना अशी शिवी हासडली, की चुलीपाशी बसलेली नातवंडं आ वासून बघत राहिली. मग ती रडली. चांगली मोठ्यानं रडली.

त्यानंतर तीन आठवडे आम्ही दोघी दारं हिंडलो. सगळ्या आया काही लगेच तयार झाल्या नाहीत. एकीनं आमच्यावर खरकटं पाणी टाकलं. एक म्हणाली, “तुमची बाटली तुमी बगा. माझ्या पोरीला कशाला पुसता?” आक्का तिच्या दारात दीड तास बसून राहिली. शेवटी एकशे अठराच्या एकशे अठरा अर्ज झाले. मी ते तहसीलला नेऊन दिले. नायब तहसीलदार म्हणाले, “इतकी वर्षं झोपला होता का?” कारणे दाखवा नोटीस आली, यादीचं काम काढून शाळेच्या गुरुजींकडं दिलं. नोटीस अजून माझ्या ट्रंकेत आहे.

“लेकींना कळवायचं ना?” मी आक्काला विचारलं होतं.

“न्हाई. सासरी कळंल. गाडी यायची न्हाई.”

“गाडी कशाला हवी आता?”

“यिऊ दे की,” ती म्हणाली.

फेब्रुवारीत जिल्हा परिषदेची निवडणूक लागली. स्वतः बापूसाहेब उभे होते. नव्या याद्या त्यांच्या कार्यकर्त्यांना मिळाल्या होत्या, पण लेकींची नावं वाचतो कोण? ड्रायव्हरांना घरं पाठ होती. मोठ्या माणसांची ही एक खोडच असते, गरिबाच्या घरातलं काही बदललं असेल, हे त्यांच्या ध्यानातच येत नाही.

त्या दिवशी सकाळी सहाला वेशीतून सातच्या जागी नऊ जीपा सुटल्या. काय तो कायदा, कुठं गेला होता त्या सकाळी! साडेनऊपासून त्या भरभरून यायला लागल्या. लेकी उतरत होत्या, हातातला साडीचा पुडा सावरत होत्या, आयांच्या गळ्यात पडत होत्या. मग रांगेत उभ्या राहिल्या. आतून गुरुजींचा आवाज येऊ लागला.

“नाव नाही.”

“नाव नाही. पुढच्या.”

“तुमचंही नाही हो.”

कार्यकर्ते धावले. आधी गुरुजींवर ओरडले, मग एकमेकांवर. अकराच्या सुमाराला पांढऱ्या गाडीतून बापूसाहेब आले. फाटकाशी गजराआक्का उभी होती. मी तिच्या शेजारी होते. या खेपेला मी खाली बघितलं नाही.

“आक्का, हे काय केलंत तुम्ही?”

“कायदा हाय, बापू. एका बाईचं नाव दोन याद्यात म्हंजी गुन्हा. इतकी वरसं मला कळलं नव्हतं.”

 चाळीस वर्षं ज्या तोंडातून ‘आक्का’ आणि ‘माय’ निघत होतं, त्या तोंडातून जे निघालं ते मी लिहीत नाही. शेवटी ते ड्रायव्हरांकडं वळून ओरडले, “चला रे! मतं न्हाईत तर परत सोडायची कशाला? बसू देत हितंच.” नऊच्या नऊ जीपा धुरळा उडवत निघून गेल्या. शेवटची येष्टी दुपारी एकलाच होती, ती आधीच भरून वाहत होती, आणि दुसरी थेट सकाळी. लेकी माहेरच्या गावात अडकल्या.

तेव्हा कुठं मला कळलं, ‘गाडी यिऊ दे’ म्हणजे काय ते.

बापूसाहेब निवडून आले. एवढा मोठा माणूस एका गावानं पडत नाही. उंबरदऱ्यात मात्र त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कमी मतं पडली. एप्रिलात आम्ही पुन्हा मतदान मागितलं आणि बाटली आडवी झाली. संपत अजून पितो, पण त्याला आठ मैल जावं लागतं, आणि अंगणवाडीतली पोरं चिंचोक्यांवर मोजतात. त्या मतदानाला लेकी नव्हत्या. त्यांची गरजच पडली नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं, आणि अजून वाटतं.

पण त्या जीपा गेल्या त्या दुपारी रंजना शाळेच्या पायरीवर बसली होती. साडीचा पुडा तसाच मांडीवर. “आई, माझं नाव?” तिनं विचारलं.

“म्या खोडलं.”

“मला न विचारता?”

“व्हय.”

रंजना आईशी बोलली नाही. घरी आली, जेवली नाही, माझ्याकडं तर तिनं बघितलंसुद्धा नाही. चारला तिचा फोन वाजला. सासू होती.  “नाही आत्याबाई... गाडी गेली... नाही, मी सांगितलं नव्हतं...” पलीकडचा आवाज मला ओसरीवर ऐकू येत होता. आक्का उठली आणि वाकड्या हातानं तिनं फोन काढून घेतला.

“विहीणबाई, गजरा बोलते. गाडी बापूसाहेबांची हुती, त्यांस्नी इचारा का न्हेली. मोठा मानूस हाय, तुमी न्हाई कसं म्हननार? लेक माझ्या घरात हाय. आज ऱ्हाईल. उद्या यील, न्हाईतर परवा यील.” आणि तिनं फोन बंद केला. कुठलं बटण ते तिला ठाऊक नव्हतं, म्हणून सगळी दाबली.

बारा वर्षांत रंजना पहिल्यांदा आईकडं मुक्कामाला राहिली. तिला त्या रात्रीचं काही सुचेना. ओसरीवर येरझारा घालत होती. आईवरचा राग उतरला नव्हता, पण आता त्यात भीती मिसळली होती.

“उद्या जाऊ कशी मी?”

“येष्टीनं.”

“एकटी?”

“एकटी.”

“आणि परत यायचं झालं तर? आता गाडी कधीच नाही यायची, आई. मी कशी येणार इथं?”

आक्का तांदूळ निवडत होती. तिनं मान वर करून दाराबाहेर, वेशीकडून तालुक्याला जाणाऱ्या रस्त्याकडं बघितलं. त्याच्या तोंडाला बापूसाहेबांच्या नावाची भली मोठी पाटी आहे. तेव्हाही होती.

“जशी जाशील तशीच यायचं,” ती म्हणाली. “त्यो रस्ता बापूचा न्हाई. खडी म्या फोडलीया.”